एकच हार्ड डिस्क विंडोज, मॅक आणि लिनक्सवर वापरायची असेल तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे दोन टेराबाइटची एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. घरी विंडोज ११ चा लॅपटॉप, व्हिडिओचे संकलन करणाऱ्या भाच्याकडे मॅकबुक आणि गावच्या ग्रंथालयात ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरसाठी बसवलेला उबुंटूचा, म्हणजे लिनक्सचा, संगणक, अशा तीन ठिकाणी ती फिरते. तिच्यावर जुन्या मासिकांचे स्कॅन आणि ज्येष्ठ वाचकांच्या मुलाखतींचे व्हिडिओ मिळून सुमारे एक टेराबाइट डेटा आहे. मॅकवर सगळ्या फाइली दिसतात आणि उघडतात, पण नवी फाइल टाकता येत नाही. फॅट३२ करून पाहावे म्हटले तर विंडोज तो पर्यायच दाखवत नाही. तेव्हा तिन्हीकडे चालेल असा फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, कोणता आणि असलेला डेटा न हलवता तो करता येईल का, हे तुम्हाला हवे आहे.

सरळ उत्तर असे की फॉरमॅट एक्सफॅट ठेवा, आणि डेटा हलवल्याशिवाय ते होणार नाही. मात्र एवढे वाचून तुम्ही आजच डिस्क फॉरमॅट करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या लिहिण्यावरून असे दिसते की जी डिस्क पिशवीत घालून तीन ठिकाणी नेली जाते, तीच या सगळ्या कामाची एकमेव प्रत आहे. ने-आण करणे आणि जपून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी जो फॉरमॅट सर्वांत सोयीचा, तोच दुसऱ्यासाठी सर्वांत नाजूक ठरतो. लहान स्टुडिओ, छापखाने आणि संस्था यांच्या डिस्क सांभाळण्याचे व बिघडल्यावर त्यांतला डेटा काढून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. माझ्याकडे येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याच या दोन कामांची सरमिसळ झाल्याने उद्भवलेल्या असतात.

आधी मॅकचे पाहू. बाजारातून आणलेली मोठी डिस्क बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते, आणि तुमची एनटीएफएस आहे हे लक्षणावरूनच कळते. एनटीएफएस ही मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटीसोबत आणलेली फाइल सिस्टीम, म्हणजेच फॉरमॅट, आहे. मॅक ती वाचते, पण तिच्यावर लिहीत नाही. डिस्कमध्ये काही बिघाड आहे म्हणून असे होत नाही, त्यामुळे केबल किंवा पोर्ट बदलून उपयोग नाही. विकत मिळणारे ड्रायव्हर, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, घालून मॅकवरून एनटीएफएसवर लिहिता येते. मॅक एकच असेल, त्याचा मालकही एकच असेल आणि मॅकओएसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर ड्रायव्हर अद्ययावत करण्याची शिस्त असेल, तर तो मार्ग चुकीचा नाही. पण उद्या ही डिस्क दुसऱ्या कोणाच्या मॅकला लावायची वेळ आली, की तुम्ही पुन्हा आहात तिथेच.

फॅट३२ चा विचार मात्र सोडून द्या. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी तो पर्याय दिसत नाही. ही अडवणूक त्या खिडकीची आहे, फॅट३२ ची नव्हे, आणि अन्य साधनांनी ती ओलांडताही येते. पण ओलांडून उपयोग नाही, कारण फॅट३२ मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांच्या एका रकान्यात नोंदवला जातो आणि त्या रकान्यात ४,२९४,९६७,२९५ बाइटपेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी, तिथे फाइल संपते. शंभर मेगाबिट प्रतिसेकंद या दराने घेतलेला फोर-के व्हिडिओ ही मर्यादा पावणेसहा मिनिटांत गाठतो. तुमची एकही मुलाखत पावणेसहा मिनिटांत आटोपली असेल असे वाटत नाही. गंमत म्हणजे अशा वेळी विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश देते, आणि डिस्कवर भरपूर जागा रिकामी दिसत असल्याने माणूस गोंधळून जातो.

उरतो एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने तो २००६ मध्ये आणला, आणि ३२ जीबीहून मोठ्या एसडीएक्ससी मेमरी कार्डांसाठी तोच ठरलेला फॉरमॅट असल्याने आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये तो आपसूक आलेला आहे. मॅकवर तो १०.६.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, वाचता-लिहिता येतो. लिनक्सची गोष्ट थोडी लांबली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचे तपशील खुले केल्यावर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याचा ड्रायव्हर आला आणि २०२० च्या ५.७ या कर्नलपासून तो चांगल्या अवस्थेत आहे. ग्रंथालयातला संगणक उबुंटू २२.०४ किंवा त्यानंतरचा असेल तर काहीही न घालता डिस्क उघडेल. १८.०४ सारखी जुनी आवृत्ती असेल तर एक्सफॅटची पॅकेजे आधी बसवावी लागतील. कोहा चालणारी यंत्रे वर्षानुवर्षे कोणी हलवत नाही, म्हणून हे आधी पाहून घ्या.

आता एक्सफॅटचा कमकुवतपणा, कारण माझ्या मते याच भागाला खरे महत्त्व आहे. एनटीएफएस, मॅकची एपीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या फाइल सिस्टीम मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली तरी स्वतःचा ताळमेळ राखतील अशा रीतीने बांधलेल्या आहेत. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ हे जर्नल ठेवून साधतात. दुकानदार व्यवहाराची आधी कच्च्या वहीत नोंद करतो आणि मग ती खातेवहीत उतरवतो, तसे हे आहे. मध्येच व्यत्यय आला तर कच्च्या वहीवरून खाते जुळवता येते. एक्सफॅटमध्ये अशी कच्ची वही नाही. फॅट३२ निदान आपल्या मुख्य तक्त्याच्या, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे या नोंदीच्या, दोन प्रती ठेवत असे. एक्सफॅट सहसा एकच ठेवतो. तक्ता किंवा फोल्डरची नोंद लिहिली जात असताना केबल निघाली, तर जे अर्धवट राहिले ते अर्धवटच राहते. जर्नल फाइलच्या आतल्या मजकुराची हमी देत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ते फाइल सिस्टीमची रचना शाबूत ठेवते. पण रचना शाबूत असली तर नुकसान एका फाइलपुरते राहते, आणि ती मोडली तर अख्खे फोल्डर दिसेनासे होऊ शकते.

याचे एक नेहमीचे उदाहरण तुम्हाला आधीच माहीत असावे म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. एक्सफॅटची मोठी डिस्क ‘इजेक्ट’ न करता ओढून काढली आणि पुढच्या वेळी मॅकला लावली, तर ती फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइलींच्या खिडकीत, येतच नाही. डिस्क युटिलिटी उघडली तर डिस्कचे नाव दिसते, पण फिकट राखाडी रंगात. ‘माउंट’वर क्लिक केले तर काहीच घडत नाही. डिस्कवरचा दिवा मात्र लुकलुकत असतो. लोक इथे घाबरतात, केबल काढतात, पुन्हा लावतात. प्रत्यक्षात मॅकने मागे ‘एफएससीके_एक्सफॅट’ नावाची तपासणी सुरू केलेली असते, आणि ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ते नाव शोधले तर सापडते. एक टेराबाइट भरलेल्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ही तपासणी बराच वेळ घेऊ शकते. ती पूर्ण होऊ द्यावी, किंवा डिस्क विंडोजला लावून तिथे ‘चेक डिस्क’ चालवावे. तपासणी चालू असताना केबल पुन्हा पुन्हा ओढणे हा किरकोळ बिघाड मोठा करण्याचा हमखास मार्ग आहे.

‘विंडोजवर तर आता इजेक्ट करायची गरज उरलेली नाही ना?’ असे मला नेहमी विचारले जाते. २०१८ च्या १८०९ या आवृत्तीपासून विंडोज १० ने बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळ ठरवले, हे खरे आहे. त्यामुळे लिहायचे काम फार वेळ स्मरणात साठून राहत नाही. पण जे लिखाण त्या क्षणी चालू आहे त्याला हे धोरण वाचवू शकत नाही. शिवाय तुमची डिस्क मॅकवर आणि लिनक्सवरही जाणार आहे, आणि लिनक्सवर तर कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसल्यानंतरही पुष्कळ डेटा डिस्कवर उतरायचा बाकी असू शकतो. म्हणून तिन्हीकडे एकच सवय ठेवा: इजेक्ट करायचे, ‘आता काढता येईल’ असे यंत्राने सांगेपर्यंत थांबायचे आणि मगच हात लावायचा.

त्याहून मोठा धोका फॉरमॅटशी नव्हे, एका खिडकीशी निगडित आहे. मॅकने भरलेली एपीएफएसची किंवा लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोजला लावली, की ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी खिडकी उघडते. मॅकला अनोळखी डिस्क लावली, की ‘इनिशियलाइझ’, ‘इग्नोअर’ आणि ‘इजेक्ट’ अशी बटणे असलेला संदेश येतो. या दोन्ही ठिकाणी संगणकाला फक्त ‘मला ही भाषा येत नाही’ एवढेच म्हणायचे असते. डिस्क रिकामी आहे किंवा खराब झाली आहे, असा त्याचा अर्थ नसतो. पण शब्दरचना अशी असते की घाईत असलेला माणूस होकार देतो, आणि पूर्ण भरलेली, धडधाकट डिस्क त्याच्या स्वतःच्या हाताने पुसली जाते. तुमच्या ग्रंथालयात ही डिस्क तुमच्याखेरीज आणखी कोणी लावणार असेल, तर ही गोष्ट त्यांना तोंडी सांगा आणि डिस्कवर चिठ्ठी चिकटवा: फॉरमॅट विचारल्यास ‘कॅन्सल’.

तर मी तुमच्या जागी असतो तर रचना अशी ठेवली असती. घरी विंडोजपाशी एक दुसरी डिस्क, एनटीएफएसची, जी घराबाहेर जात नाही. मूळ संग्रह तिच्यावर. तुमची आताची डिस्क एक्सफॅट करून फक्त ने-आणीसाठी. तिच्यावरचे काहीही हरवले तरी चालेल, कारण तिच्यावरचे सर्व काही दुसरीकडे आहेच, हा तिचा नियम. आणि तिसरी प्रत ग्रंथालयाच्या संगणकातल्या ईएक्सटी४ डिस्कवर, जागा असेल तर. म्हणजे घरी काही अघटित झाले तरी संग्रह गावात दुसऱ्या छताखाली शिल्लक राहतो. एकाच डिस्कचे दोन भाग करून एक एनटीएफएस आणि एक एक्सफॅट ठेवावा, असेही काही जण सुचवतील. तांत्रिकदृष्ट्या ते चालते, पण डिस्क खाली पडली तर दोन्ही भाग एकदमच जातात, म्हणून मी तसे सुचवत नाही.

ही रचना कोणत्या परिस्थितीत बदलेल तेही सांगतो. भाचा थेट या डिस्कवरून संकलन करत असेल, तर एक्सफॅट त्याला त्रास देईल. ॲपलच्या ‘फोटोज’ची लायब्ररी एपीएफएस किंवा जुन्या मॅक ओएस एक्स्टेंडेड डिस्कवरच ठेवायची असते, आणि टाइम मशीनचा बॅकअपही एक्सफॅटवर घेता येत नाही. त्याने फाइली स्वतःच्या एपीएफएस डिस्कवर उतरवून काम करावे आणि तयार व्हिडिओ तेवढा तुमच्या डिस्कवर परत टाकावा. घरातल्या घरात दोन-तीन यंत्रांमध्येच देवाणघेवाण असती, तर मी डिस्क फिरवायलाच सांगितले नसते. एका संगणकावर फोल्डर शेअर केला की बाकीच्यांना डिस्कचा फॉरमॅट कोणता याच्याशी कर्तव्य उरत नाही. तुमची ठिकाणे लांब लांब आहेत, म्हणून तो मार्ग इथे लागू नाही. संग्रहात कोणाची खासगी माहिती असून कुलूप हवे असेल, तर विंडोजचे बिटलॉकर मॅकवर उघडणार नाही आणि ॲपलचे एन्क्रिप्शन विंडोजवर उघडणार नाही. तिन्हीकडे चालणारे व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर पाहा.

फॉरमॅट करताना एक निवड विचारली जाईल: ‘अलोकेशन युनिट साइझ’. मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटसाठी १२८ केबी सुचवते. त्याचा अर्थ असा की तीन केबीची मजकूर फाइलसुद्धा डिस्कवर १२८ केबी अडवते. तुम्ही मासिकांच्या प्रत्येक पानाचा ओसीआर (स्कॅनमधून यंत्राने ओळखलेला) मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवत असाल, तर अशा ५०,००० फाइलींचा खरा ऐवज १५० एमबीच्या आसपास असूनही त्या सहा जीबींहून अधिक जागा घेतील. ने-आणीच्या डिस्कवर अशा फाइली झिपमध्ये बांधून न्याव्यात. कॉपीही बरीच लवकर होते. आकार मात्र सुचवलेलाच राहू द्या. फॉरमॅट मी शक्यतो विंडोजवर करतो. मॅकवरच करावा लागला, तर डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडून संपूर्ण डिस्क पुसावी आणि ‘स्कीम’मध्ये जीयूआयडी पार्टिशन मॅप आहे ना, हे पाहावे.

फाइलींच्या नावांबद्दल मराठीत काम करणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, तर एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये ती २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे (यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या दोन पद्धती). इंग्रजी नावांना हा फरक जाणवत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाचे ३० बाइट होतात. परिणामी ८५ चिन्हांपुढचे मराठी नाव विंडोजवर आनंदाने बनते आणि ग्रंथालयाच्या ईएक्सटी४ डिस्कवर कॉपी करताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. मासिकाचे नाव, वर्ष, अंक, लेखाचे शीर्षक आणि लेखक असे सगळे फाइलच्या नावात भरण्याची पद्धत असेल, तर ही मर्यादा लवकर येते. मासिक व वर्ष फोल्डरच्या नावात घ्या आणि फाइलचे नाव आखूड ठेवा.

दुसरी बाब ‘ऱ’ची. ‘वऱ्हाड’ किंवा ‘शेतकऱ्यांचे’ यांतला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येतो, आणि ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही. दिसायला दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावे साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवत असे. भाच्याकडच्या एखाद्या जुन्या डिस्कवरून नाव तसेच फुटलेल्या रूपात पुढे आले, तर एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली नांदू शकतात, आणि शोध घेताना त्यांतली एकच सापडते. फाइल हरवली असे वाटले आणि नावात ‘ऱ’ असेल, तर आधी ही शक्यता तपासा. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह आणि तिरपी रेघ नावात मुळीच नको. उबुंटूवर ‘मुलाखत: भाग १’ असे नाव चालते, विंडोजवर चालत नाही.

आता प्रत्यक्ष काम. एनटीएफएसचे जागच्या जागी एक्सफॅट करणारी सोय विंडोजमध्ये नाही. ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा फॅटचे एनटीएफएस करते, उलट नाही. म्हणून आधी दुसरी डिस्क आणा, ती एनटीएफएस करा आणि सगळा डेटा तिच्यावर उतरवा. एक टेराबाइटसाठी ओढून-सोडून कॉपी करण्यापेक्षा विंडोजची ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा वापरा. मध्ये अडथळा आला तर ती पुढून सुरू करता येते आणि शेवटी किती फाइली गेल्या, किती अडल्या याचा हिशेब देते. तो हिशेब वाचा, नुसती खिडकी बंद करू नका. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते पाहा आणि मोठ्या व्हिडिओंपैकी काही सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा. हे झाल्यावरच जुनी डिस्क एक्सफॅट करा.

घरची एनटीएफएस डिस्क कधी उबुंटूला लावावी लागली, तर त्याआधी लॅपटॉप ‘शिफ्ट’ दाबून धरून बंद करा. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर नेहमीच्या पद्धतीने बंद केलेला लॅपटॉप अर्धवट झोपलेला असतो, आणि त्याला जोडलेली डिस्क लिनक्सला संशयास्पद वाटून ती फक्त वाचण्यापुरती उघडते. तिथे जबरदस्तीने लिहिण्याचे उपाय इंटरनेटवर सापडतील. ते करू नका, विंडोजला परत लावून नीट बंद करा.

मॅकवरून डिस्क परत आली की तिच्यावर ‘डॉट-अंडरस्कोअर’ने सुरू होणाऱ्या, काही केबींच्या पुष्कळ फाइली दिसतील. मॅक आपली जास्तीची माहिती एक्सफॅटवर अशा वेगळ्या फाइलींत ठेवते. त्या व्हायरस नाहीत, पण मूळ संग्रहात त्यांची गरजही नाही. घरच्या डिस्कवर घेताना त्या गाळा. आणि घरच्या डिस्कवर उतरवलेला व्हिडिओ तिथून उघडून पाहिल्याशिवाय भाच्याला त्याच्याकडची प्रत पुसायला सांगू नका.